जोडीदार व्हिसाची फाइल तपासणाऱ्यांस: सोबत भाषांतर जोडलेलं नाही

देशोदेशीच्या इमिग्रेशन खात्यांत नवरा-बायकोच्या फायली उघडणाऱ्या, त्यांवर शिक्के मारणाऱ्या आणि त्यांचे नियम लिहिणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या नियमांप्रमाणे, तुमच्या भाषेत नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. भाषांतर अचूक असल्याची ग्वाही, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही, संपर्काचा तपशील. यातलं काही राहिलं तर तो कागद तुमच्या लेखी नसल्यात जमा. या पत्राला मी भाषांतर जोडलेलं नाही. एरवी लोकांच्या कागदांना जोडते, त्यावरच माझं चालतं. लग्नाचे दाखले, जन्माचे दाखले, आधीच्या लग्नाच्या घटस्फोटाचे हुकूमनामे, प्रतिज्ञापत्रं, आणि अलीकडे ढिगानं येणारे व्हॉट्सअॅपचे संवाद.

तुमच्याकडे फाइल पोचते तेव्हा ती नीट लावलेली असते. अनुक्रमणिका, प्रत्येक फोटोखाली तारीख, पानांवर क्रमांक. माझ्याकडे येते तेव्हा ती पिशवीत असते. त्यामुळे तुम्हाला न दिसणाऱ्या काही गोष्टी मला दिसतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

चारेक वर्षांपूर्वी एक मुलगी अशीच पिशवी घेऊन आली. नवरा परदेशात कायम वास्तव्याचा परवाना असलेला. देश कोणता ते सांगत नाही. लग्न होऊन सात महिने झालेले, त्यातले दोघं एकत्र असे एकोणीस दिवस. बाकी सगळं लग्न फोनवर. नातं खरं असल्याचा पुरावा म्हणून संवादाच्या छापील प्रती तिनं आणल्या होत्या आणि मधल्या काही पानांवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. भांडणाचे दिवस. "हे घ्यायचं की गाळायचं?" मी वकील नाही, पण इतक्या फायली हाताखालून गेल्यावर जे ऐकलंय ते सांगितलं, की गाळू नकोस, एकही भांडण नसलेला संवाद बघणाऱ्याला उलट खटकतो. तर ती तिथेच खुर्चीत बसून आणखी भांडणं शोधायला लागली. अर्ध्या तासानं म्हणाली, "ताई, तीनच सापडली. पुरतील ना?"

त्या संवादात एका ठिकाणी मी अडले. आदल्या रात्री दोघांचं वाजलेलं. दुपारी तिनं लिहिलंय, "संध्याकाळी फोन करते." त्यावर त्याचं उत्तर, "बरं." बस्स, एवढंच. आता 'बरं' म्हणजे काय? ठीक आहे, असं? कर एकदाचा, असं? राग गेला, की राग तसाच आहे पण बोलायचं नाही? मराठी माणूस या एका शब्दात होकार देतो, विषय तोडतो, समजूत काढतो आणि रुसतोही. मी बराच वेळ त्या शब्दापाशी बसले आणि शेवटी 'ओके' लिहून पुढे गेले. तुमच्यापर्यंत जे पोचलं ते 'ओके'.

हे सांगतेय ते तक्रार म्हणून नाही. तुम्ही नेमकं काय तपासता याचं मला खरोखर कुतूहल आहे. ब्रिटनच्या नियमात नातं 'जेन्युइन अँड सबसिस्टिंग' हवं, म्हणजे खरं आणि टिकून असलेलं. ऑस्ट्रेलिया चार अंगांनी बघतं: पैशाचे व्यवहार, घरातली वाटणी, चारचौघांतली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी. अमेरिकेत संशय आला तर दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं ताडून बघतात. पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं, सकाळी आधी कोण उठतं. पंचवीस वर्षं संसार केलेल्या माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला गंमत म्हणून मी असे दहा प्रश्न विचारले होते. चार उत्तरं जुळली.

खोटी लग्नं होतात, हे मला मान्य आहे. एका माणसानं वेगवेगळ्या चार महिन्यांतले म्हणून चार फोटो आणले होते आणि चारही फोटोंत गालावरचं वस्तऱ्याचं कापलेलं एकाच जागी होतं. त्याचं काम मी घेतलं नाही. तुम्ही डोळे मिटून शिक्का मारावा असं कोण म्हणेल? पण संशयाचं माप किती, हेही बघायला हवं. १९८५ साली अमेरिकेच्या तेव्हाच्या इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांनी सिनेटच्या उपसमितीला सांगितलं, की ज्या लग्नांच्या आधारे व्हिसा मागितला जातो त्यांपैकी सुमारे ३० टक्के बनावट आहेत. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, त्यावर कायदा झाला. ज्या पाहणीवर हा आकडा उभा होता तिच्यात सिद्ध झालेली फसवणूक मोजलेली नव्हती, संशय आलेली प्रकरणं मोजलेली होती, हे नंतर उघड झालं. आकडा मागे पडला. कायदा आहे तिथेच आहे, त्याकडे मी येतेच.

आणि अविश्वासाची परंपरा तुमच्याच बाजूनं सुरू झालेली आहे, हे विसरू नका. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, लग्नासाठी आलेल्या ३५ वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची 'कौमार्य तपासणी' केली होती, ती खरंच अविवाहित आहे का हे बघायला. बातमी बाहेर आल्यावर तो प्रकार बंद झाला. आज कुणी असं करणार नाही. पण 'आम्ही सांगू तसं स्वतःला उघडं करून दाखवा' हा सूर मला अजून काही प्रश्नावल्यांत ऐकू येतो.

बरं, नातं खरं ठरलं तरी भागतं का? ब्रिटनमध्ये २०१२ पासून जोडीदाराला बोलावणाऱ्याचं उत्पन्न वर्षाला किमान १८,६०० पौंड हवं होतं. एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी ते २९,००० झालं. तिथे अजून न पोचलेल्या जोडीदाराचा आपल्या देशातला पगार यात धरत नाहीत. उत्पन्न नसेल तर बचत दाखवा: ८८,५०० पौंड, सहा महिने हातात असलेले. डेन्मार्कनं २००२ मध्ये नियम केला की दोघांचंही वय २४ पूर्ण हवं. मग डॅनिश तरुण आपल्या बायकांना घेऊन पूल ओलांडून स्वीडनच्या माल्मो शहरात राहायला लागले आणि रोज कोपनहेगनला कामाला येऊ लागले. जर्मनीला २००७ पासून येण्याआधीच जर्मनची पहिली पायरी, ए-वन, पास झालेली लागते. मात्र अमेरिकन किंवा जपानी नवरा-बायको असेल तर नाही. या सगळ्यामागे राज्य चालवण्याची कारणं असतील, मी त्यात पडत नाही. फक्त एवढंच, की यातल्या कशानंही लग्न खरं की खोटं ते कळत नाही. त्याला लग्नाची तपासणी म्हणू नका.

लोक वाट काढतातच. सुरिंदर सिंग नावाच्या भारतीय माणसानं १९८२ साली एका ब्रिटिश स्त्रीशी लग्न केलं. दोघांनी १९८३ ते १९८५ जर्मनीत नोकरी केली आणि मग ते ब्रिटनला परतले. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि ७ जुलै १९९२ ला निकाल आला, की दुसऱ्या सदस्य देशात काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला युरोपच्या कायद्याचं संरक्षण मिळतं. पुढे कित्येक ब्रिटिश माणसं स्वतःच्याच देशात स्वतःच्याच बायकोसोबत राहता यावं म्हणून आधी काही महिने आयर्लंडमध्ये जाऊन नोकरी करायची. त्या वाटेला नावच पडलं 'सुरिंदर सिंग रूट'. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनसाठी ती वाट बुजली.

आणखी एक जुना खटला मला फार बोलका वाटतो. ब्रिटनमध्ये रीतसर स्थायिक झालेल्या तीन स्त्रियांना आपापल्या नवऱ्यांना बोलवायचं होतं. पुरुषांना बायका आणता यायच्या, बायकांना नवरे आणणं त्याहून अवघड होतं. स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयानं २८ मे १९८५ ला सांगितलं, की हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे. ब्रिटननं तो दूर केला. कसा? बायका आणणंही तितकंच अवघड करून.

आता ज्यासाठी कागद हातात घेतला ते.

तुमच्या फॉर्मवरचा एक शब्द मला वर्षानुवर्षं छळतोय: डिपेंडंट. त्याला मराठीत काय लिहायचं? 'अवलंबून असलेली' म्हटलं तर वाक्य अर्धवट राहतं, कशावर ते सांगावं लागतं. 'आश्रित' म्हटलं तर कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकलेलं माणूस डोळ्यांपुढे येतं. मी 'आश्रित' लिहिते, कारण सरकारी मराठीत तोच शब्द रुळलाय. आणि दुर्दैवानं तोच जास्त बरोबर आहे.

लग्न खरं आहे की नाही हे तपासायला तुम्ही दाराशी इतका जीव काढता, पण दार उघडल्यावर आत आलेल्या माणसाच्या राहण्याची किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती देऊन मोकळे होता. १९८६ चा तो अमेरिकेतला कायदा घ्या. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत आलेल्या जोडीदाराला दोन वर्षांचं, अटीवरचं कार्ड मिळतं. ती मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत अट काढून टाकण्याचा अर्ज करायचा, आणि त्यावर दोघांच्या सह्या लागतात. जर्मनीत संसार मोडला तर स्वतःच्या नावावर राहायचा हक्क साधारणपणे तीन वर्षं एकत्र काढल्यावरच. २०११ पर्यंत तो दोन वर्षांवर होता, मग वाढवला. आपला देशही यातून सुटत नाही. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं झाल्यावर ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड मागता येतं, आणि लग्न कायद्यानं मोडलं की ते कार्ड रद्द होऊ शकतं. तेव्हा हे पत्र दिल्लीलाही आहे.

तुम्ही म्हणाल, अपवाद ठेवलेत. ठेवलेत, खरं आहे. अमेरिकेत छळ झाला असेल किंवा घटस्फोट झाला असेल तर एकटीच्या सहीनं अर्ज करता येतो. १९९४ च्या कायद्यानं छळ सोसणाऱ्या जोडीदाराला स्वतःच स्वतःसाठी अर्ज करायची वाटही दिली. जर्मनीत 'विशेष हलाखी'चं कलम आहे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून कौटुंबिक छळ झालेल्या जोडीदाराला तीन महिन्यांची सवलत मिळते, त्या काळात सरकारी मदत घेता येते आणि कायम राहण्याचा अर्ज करता येतो. यातलं काहीच कमी लेखत नाही. पण अपवाद वापरायला तो माहीत असावा लागतो, आणि हातात कागद असावे लागतात.

ती मुलगी गेल्या वर्षी पुन्हा माझ्याकडे आली. म्हणजे तिचा ईमेल आला, नव्या पत्त्यावरून. नवऱ्याचं घर तिनं सोडलं होतं. निघताना पासपोर्ट, नवा फोन आणि अंगावरचे कपडे, एवढंच घेता आलं. आता तिला स्वतःच्या नावानं अर्ज करायचा होता, आणि त्यात दोन गोष्टी शाबीत करायच्या होत्या. एक, छळ झाला. दोन, मुळात लग्न तिनं प्रामाणिकपणे केलं होतं, व्हिसासाठी नाही.

पहिल्या गोष्टीसाठी तिनं नवे मेसेज पाठवले भाषांतराला. त्यात त्याचं एक वाक्य तीन वेगवेगळ्या तारखांना होतं: "तुझा व्हिसा माझ्या सहीवर आहे, लक्षात ठेव." आणि दुसऱ्या गोष्टीसाठी तिनं विचारलं, "ताई, माझ्या तेव्हाच्या चॅटचं भाषांतर तुमच्याकडे असेल का अजून?" ती फाइल त्याच्या घरी राहिली होती. जुना फोन त्यानं काढून घेतला होता. तुमच्या खात्यात ती फाइल असणारच, पण ऑनलाइन अर्जाचं खातं उघडलं होतं त्यानं. ईमेल त्याचा, पासवर्ड त्याचा. स्वतःच्या व्हिसाचा क्रमांकसुद्धा तिला पासपोर्टवर बघून सांगावा लागत होता. सात महिन्यांच्या लग्नाचा पुरावा जगात तिच्यासाठी एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या संगणकावर, 'जुनी कामं' नावाच्या फोल्डरात.

मी फाइल उघडली. तीन भांडणं जिथल्या तिथे. 'संध्याकाळी फोन करते'च्या खाली माझं 'ओके' होतं. नव्या मेसेजांतही तोच शब्द होता: तिनं लिहिलंय, "भावाशी बोलायचंय, माझा जुना फोन दे ना." त्याचं उत्तर, "बरं." त्यानंतर तीन दिवस तिच्याकडून एकही मेसेज नाही. या 'बरं'लाही मला 'ओके'च लिहावं लागलं. भाषांतरकारानं पदरचं काही घालायचं नसतं.

हे प्रत्येकीचं होतं असं नाही. माझ्याकडची बहुतेक जोडपी व्हिसा मिळाल्यावर पेढे घेऊन येतात आणि मग वर्षाकाठी एखादा फोटो पाठवतात. शिवाय आश्रित काही फक्त बायकाच नसतात. बायकोच्या एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेला गेलेला एक अभियंता मला सांगत होता, की तिथल्या पहिल्या दोन वर्षांत आपण काय केलं हे तो मित्रांना सांगतच नाही. एच-फोर व्हिसावरच्यांना, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या जोडीदारांना, मुळात काम करायची मुभाच नव्हती. मे २०१५ पासून ती मिळाली, तीही ग्रीन कार्डाच्या रांगेत ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेल्यांच्याच जोडीदारांना. "नोंदी ठेवायला शिकलो," म्हणाला, "घरखर्चाच्या. पैशापैशाच्या. कुणी मागत नव्हतं तरी." त्याची बायको भली आहे म्हणून हे नुसतं लाजेवर निभावलं.

माझं मागणं तुम्हाला लग्नाबद्दल मुळी नाहीच. तपासा, हवं तितकं तपासा, पण एकदा तपासून आत घेतलंत की त्या माणसाचा मुक्काम त्याच्या स्वतःच्या नावावर मोजायला लागा, पहिल्या दिवसापासून. दोघांची सही मागणारा फॉर्म असेल तिथे एकाची पुरे करा, आणि दुसऱ्याची का नाही हे विचारू नका. हे अशक्य नाही. कॅनडानं ऑक्टोबर २०१२ मध्ये नव्या जोडीदारांवर दोन वर्षं एकत्र राहण्याची अट घातली होती आणि एप्रिल २०१७ मध्ये ती स्वतःहून काढून टाकली. अट अत्याचाराला बळी पडलेल्यांना जखडून ठेवते, हे त्यांच्या सरकारनंच मान्य केलं. कामाची मुभाही पहिल्या दिवसापासून द्या. ब्रिटन जोडीदार व्हिसावर ती देतं, तिथे काही आभाळ कोसळलं नाही.

आणि एक पत्र पाठवा. हे अगदी बारीक काम आहे, याला संसदेत जावं लागत नाही. व्हिसा मंजूर झाला की येणाऱ्या जोडीदाराला, तिला बोलावणाऱ्या स्पॉन्सरला नव्हे, तिच्या स्वतःच्या ईमेलवर किंवा हातात, तिच्या भाषेत एक पान द्या. तुझ्या व्हिसाचा क्रमांक हा. तुझ्या अर्जाची प्रत तुला या ठिकाणी मागता येते, नवऱ्याला न विचारता. त्यानं घर सोडायला लावलं तर तुझा व्हिसा त्या क्षणी संपत नाही. अमुक नंबरवर तुझ्या भाषेत बोलणारं माणूस मिळेल. आणि तुमच्या कायद्यात असेल तर हेही लिहा: अमेरिकेत स्पॉन्सरनं पोषणाची जी कायदेशीर हमी दिलेली असते, ती घटस्फोटानं संपत नाही. माझ्या टेबलापलीकडे बसलेल्या ज्या ज्या बाईला मी हे सांगितलंय, तिनं ते पहिल्यांदाच ऐकलंय. नवऱ्याला ते सहसा माहीत असतं, कारण सही त्यानं केलेली असते.

त्या पानाचं मराठी भाषांतर मी विनामूल्य करून देईन. वेळेत देईन. 'डिपेंडंट'साठी तुम्ही दुसरा शब्द काढलात तर फारच बरं, त्यालाही मराठी शोधते.

त्या मुलीचं जुनं भाषांतर मी दुसऱ्या दिवशी पाठवलं. मजकूर तोच ठेवला, खालची ग्वाही तीच, सही पुन्हा केली आणि तारीख तेवढी नवी घातली. तिच्या अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. तो तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर आहे. पान क्रमांक ४१ वर 'ओके' आहे आणि ११८ वर 'ओके' आहे. दोन्ही ठिकाणी मूळ शब्द एकच आहे, पण तो एकच नाही, एवढं टाचण माझ्याकडून समजा.

उत्तर पाठवायचं झालं तर तुमच्या भाषेत पाठवलंत तरी चालेल. भाषांतर मी करून घेईन.

कळावे,
आपली,
एक भाषांतरकार